वरचा ओठ

ब्रश जिभेवर फिरवला आणि पोटातून सरळ ओकारी वर आली. खिडकीतून दहिसर नदीकाठच्या तबेल्यांचा वास येत होता, पण तो रोजचाच, त्याचं काही नाही. हा वास नव्हता, ही चव होती. ब्रशला टोक आणायला तो जिभेवरून ओढायची माझी सवय जुनी आहे. फडक्याला पुसूनही टोक येतं, नाही असं नाही, पण ते मुर्दाड असतं. जिभेवरून निघालेला ब्रश पापणीचा एकेक केस काढतो. त्यामुळे रंग मला डोळ्यांइतकेच जिभेनंही कळतात. निळा कडवट लागतो, पिवळा खडूच्या भुकटीसारखा, काळी शाई जळक्या लाकडासारखी. आणि हा, अंगाचा रंग, गुळचट. मुलांच्या पुस्तकांतली सगळी मुलं, त्यांच्या आया, मास्तर, डॉक्टर, राजपुत्र, पऱ्या, सगळ्यांना लागणारा हा एकच रंग मी कॉफीच्या जुन्या बाटलीत घाऊक कालवून ठेवतो. पांढरा भरपूर, पिवळा बोटभर, शेंदरी चिमूटभर. त्यातल्या गोंदाला थोड्या दिवसांत नासक्या दुधासारखी घाण यायला लागते म्हणून वर दोन लवंगा टाकतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या बालगोपाळांच्या गालांवरची टवटवी ही लवंग घातलेली नासकवणी आहे, आणि आज ती माझ्या घशात उतरेना. मी मोरीपर्यंत कसाबसा पोचलो आणि ओकलो. कागदावर सशाचं बोट धरून शाळेला निघालेला सोनू एका गालानं गुलाबी आणि एका गालानं पांढरा तसाच हसत राहिला.

"पित्त झालंय," प्रेमा स्वयंपाकघरातून म्हणाली. माझ्या बायकोच्या मते जगातली निम्मी दुःखं पित्तानं होतात. तिनं लिंबू कापून आणलं, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "अहो, आईंचा फोटो करायचाय ना? रविवार जवळ आलाय. दादांनी काल परत खालच्या दुकानात फोन केला होता."

मी फोटोग्राफर नाही, हे प्रेमाला माहीत आहे आणि माझ्या थोरल्या भावाला, दादालाही. पण आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या चित्राला फोटोच म्हणतात. आई गेल्या आठवड्यात घाटकोपरला दादाच्या घरी वारली. झोपेतच गेली, कुणाला त्रास दिला नाही, असं आलेला प्रत्येक जण म्हणाला, जणू काही एरवी ती सगळ्यांना त्रासच देत होती. रविवारी पुण्यानुमोदन होतं. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या पायाशी हार घातलेला आईचा फोटो, तशी मांडणी असते. आणि आईचा फोटोच नव्हता. दादाच्या लग्नात फोटोवाला आला होता, त्या अल्बममध्ये आई पानोपानी आहे. कुठे पाठमोरी, कुठे कुणाच्या तरी खांद्यामागे, आणि जिथे समोरून आहे तिथे नाकापर्यंत पदर. "तू एवढा चित्रकार," दादा मला स्मशानातून परतताना म्हणाला होता, "तू काढ. तुझ्या डोळ्यांपुढं असंलच की तिचं तोंड." होतंच. तेच तर होतं.

सोनूचा दुसरा गाल रंगवून संध्याकाळी मी मरोळला शिवदासशेठकडे गेलो. औद्योगिक वसाहतीत त्यांचा छापखाना आहे आणि त्याच्या माळ्यावर प्रकाशनाचं ऑफिस. खालची यंत्रं चालू असली की वर टेबलावरचा चहा थरथरतो. माझी सगळी कारकीर्द या थरथरत्या टेबलावर झाली. दिवसा एका जाहिरातवाल्याकडे अक्षरं रंगवून आणि संध्याकाळी चित्रकलेच्या वर्गाला जाऊन मी जेव्हा पहिल्यांदा इथे चित्रं घेऊन आलो, तेव्हा माझी रेघ वेगळी होती. मी गाढवं काढली होती, कुंभाराची, पाठीवर जखमा असलेली. शिवदासशेठ माणूस प्रेमळ. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "जयवंतराव, हात झकास आहे. पण पोराला कसं, बघितल्याबरोबर चावावंसं वाटलं पाहिजे." चावावंसं! त्या शब्दानं तेव्हाच माझ्या अंगावर काटा आला होता. मग मी शिकत गेलो. उंदराची शेपूट आखूड करा, आया बिचकतात. गाईला आचळ नकोत. म्हाताऱ्यांना सुरकुत्या चालतील, पण डोळ्यांच्या कडेला, हसऱ्या. कोळीण काढा पण टोपलीतल्या माशांना डोळे नकोत, पोरं विचारतात की हे मेले का. दूधवाला, भाजीवाला, झाडूवाला, 'आपले मित्र' या पुस्तकातली ही सगळी माणसं मी त्या एका बाटलीतून रंगवली, आणि झाडूवाल्याला थोडा गडद केला तर शेठ म्हणाले, "वा, पण ह्याला जरा मागं घ्या." मी त्याला मागे घेतला. झाडाआड.

हे सगळं करताना मला काही वाटत नव्हतं असं नाही. मळमळ असायची, पण ती प्रवासात खिडकी मिळाली नाही की होते तेवढीच. पुस्तकं खपत होती. ओळखीच्या घरी गेलो की तिथलं पोर माझं पुस्तक घेऊन यायचं आणि त्याची आई सांगायची, हे बघ, हे काका काढतात हो ससा. पोराच्या लाळेनं पानं भिजून फुगलेली असायची, कोपरे चावलेले. ते ओलं पुस्तक पोर माझ्या मांडीवर ठेवायचं आणि मला ससा काढून दाखवावा लागायचा. आता मी काहीही काढायला बसलो तरी आधी गोलच येतो. गोल डोकं, गोल गाल, गोल डोळे, डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका. एकदा वर्सोव्याला मुद्दाम वही घेऊन गेलो होतो. वाळत घातलेली मासळी, कुबट वारा, बोटीच्या बुडाला चिकटलेले शिंपले. वाटलं होतं की इथे हात सुटेल. तासाभरानं वहीत बघितलं तर माझी बोट हसत होती. तिला गाल होते.

शिवदासशेठनी सोनू आणि ससा बघितले, मान डोलावली. आई गेल्याचं त्यांना कळलं होतं. "वाईट झालं," ते म्हणाले. "आईसारखं दैवत नाही. आपण 'सोनूची आजी' घेऊ या का पुढं? तुमच्या मनात ताजं आहे, चित्रं हृदयातून येतील." ते खरंच गहिवरले होते. मी त्यांच्या चहाच्या कपाकडे बघत राहिलो. सायीचा तुकडा कपाच्या कडेला चिकटून थरथरत होता. मी जिना उतरलो आणि गटाराच्या कडेला उभा राहून पुन्हा कोरडा ओकलो.

आईचा चेहरा असा होता. रंग काळा, पण एकसारखा नाही. कपाळ आणि गालाची हाडं उन्हानं तांबूस झालेली, डोळ्यांखाली निळसर. नाक रुंद. केस विरळ, ताणून बांधलेले. आणि वरचा ओठ. आम्ही लहान असताना ती मुलुंडच्या डोंगराकडे खाणीत खडी फोडायला जायची. एक दिवस दगडाची कपरी उडाली आणि ओठ फाटला. तिनं हळद दाबली, वर पदर बांधला आणि पाळी पुरी करून आली. टाके कुठले? तो तसाच जुळला, उजव्या बाजूनं वर ओढलेला, आत एक दात दिसायचा. कुजकं काहीतरी नाकाशी आलं की माणूस ओठ उचलतो ना, तसा तिचा ओठ कायमचा उचललेला. पुढे खाण सुटली, ती घरकामं करायला लागली. एका घरातून तिला काढलं, कारण तिथल्या बाईंना वाटायचं की ही आमच्या भांड्यांकडे बघून तोंड वाकडं करते. आईनं घरी येऊन हे सांगितलं आणि हसली, आणि हसली की तो ओठ आणखी वर जायचा. गंमत अशी की किळस तिला कधी कशाचीच आली नाही. पोरांचं ओकलेलं ती हातानं भरायची, तुंबलेल्या मोरीत कोपरापर्यंत हात घालायची, आणि हात धुऊन त्याच हातानं भात कालवायची. आयुष्यभर जगाला शिसारी आल्यासारखं तोंड घेऊन ती वावरली आणि मनात तिच्या शिसारीचा टिपूसही नव्हता. मी उलटा. माझा चेहरा गोड आहे. लोक म्हणतात, मुलांचा चित्रकार शोभता. आणि मला सगळ्याची किळस येते, लोकांच्या बोटांची, शब्दांची, कौतुकाची, ओल्या पुस्तकांची, स्वतःच्या हाताची.

शुक्रवारी सकाळी मी जाड कागद ताणून बसवला आणि आईला काढायला बसलो. डोळे मिटले की ती समोर यायची, अगदी ओठाच्या कडेवरच्या गाठीसकट. डोळे उघडून हात चालवला. हात चालतो म्हणजे माझा भरभर चालतो. दुपारपर्यंत चित्र झालं. पदर डोक्यावर, अंबाडा, डोळ्यांच्या कडेला हसऱ्या सुरकुत्या, गोल हनुवटी, आणि ओठ असे की आता गोष्ट सांगायला सुरुवात करील. 'सोनूची आजी'. मी आईला काढायला बसलो आणि हातानं शेठची मागणी पुरी केली होती. आणि रंग! मी विचारही केला नव्हता, ब्रश आपोआप त्या बाटलीत बुडाला होता. प्रेमा मागे येऊन उभी राहिली. "किती छान," ती म्हणाली. मग हळूच, "पण या आई नाहीत ना?" मी कागद टराटरा फाडला. बाटली मोरीत उपडी केली. तो गुळचट चिखल भोकातून उतरायला बराच वेळ लागला, लवंगा जाळीवर अडकून राहिल्या. प्रेमाला आता पित्त म्हणायचंही सुचलं नाही.

शनिवार सगळा मी दुसऱ्या चित्रावर घालवला. नवा रंग कालवला, भाजक्या मातीचा तांबडा, काळा, थोडा निळा. पांढऱ्याला हातच लावला नाही. गोल आला की खोडायचा, पुन्हा आला की पुन्हा खोडायचा. हात ऐकत नव्हता, म्हणून डाव्या हातानं काढलं. डाव्या हाताला शिवदासशेठ माहीत नव्हते. रेघ वाकडीतिकडी, अडखळत यायची, पण ती कुणाची लाडकी नव्हती. संध्याकाळी कागदावर आई होती. ओढलेला ओठ, आतला दात, डोळ्यांखालचं निळं. मी तिच्याकडे बघितलं आणि तिनं माझ्याकडे, त्या नेहमीच्या तोंडानं. इतक्या वर्षांत मी केलेलं हे पहिलं चित्र, असं मला वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. मळमळ नव्हती. प्रेमा चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "दादांना दाखवताना जरा सांभाळून." मला तिचा राग आला.

रविवारी सकाळी रिक्षानं घाटकोपरला गेलो. चित्र मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि कुठे टवका उडाला तर असू द्यावे म्हणून पिशवीत रंग. साकीनाक्याला कारखान्यांचा आंबट धूर रिक्षात शिरला, प्रेमानं नाकाला पदर लावला, मला काही झालं नाही. डोंगरावरच्या वस्तीत दादाच्या घरापुढे कापड ताणलं होतं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, कुणी मेणबत्त्या लावत होतं, मालनवहिनी बायांना चहा देत होती. बौद्धाचार्य अजून यायचे होते. दादानं धावत येऊन माझ्या हातातून चित्र घेतलं, टेबलावर ठेवलं, कागद सोडला. मागे बाया उठून आल्या. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. एका पोरानं तोंड फिरवलं.

"हे काय काढलंस, जयवंता?"

"आई आहे, दादा."

"ते दिसतंय मला. आंधळा नाही मी." त्याचा आवाज बारीक झाला होता. धोंडिरामदादा चिडला की ओरडत नाही. "हा ओठ कशाला?"

"तिचा ओठ तसाच होता."

"कसा होता ते तू मला सांगू नको. मी तिच्यासंगं खाणीत होतो. रक्त मी बघितलंय." त्यानं पटकन रुमाल काढून चित्राच्या तोंडावर धरला, जसा ती पदर धरायची. "जन्मभर तिनं झाकला हा ओठ. फोटोवाला आला की पदर, पाव्हणा आला की पदर. आणि तू तो ह्या टेबलावर, बुद्धाच्या समोर, उघडा करून ठेवतोस? सगळ्या वस्तीला बघायला?"

"दादा, खरं आहे ते. मी मुद्दाम..."

"मुद्दामच. लोकांच्या पोरांना तू गोरीगोमटी काढतोस. बंगल्यातल्या पोरांना. उंदराला टोपी घालतोस. आणि आपल्या आईची पाळी आली तेव्हा तुला खरं सुचलं?"

मी चित्राकडे पाहिलं. कापडातून गाळून येणाऱ्या पांढऱ्या उजेडात ते वेगळंच दिसत होतं. काल मला जी आई वाटली होती तिच्या प्रत्येक रेघेत आज मला दुसरंच काहीतरी दिसलं. दात मी फार बारकाईनं काढला होता. ओठाची गाठ, डोळ्यांखालचं निळं, नाकपुडीची कड, सगळं चवीनं. शेठवरची, सोनूवरची, त्या सशावरची सगळी शिसारी मी आईच्या तोंडावर आणून ओतली होती. ती चेहऱ्यानं शिसारी दाखवायची आणि मनात निर्मळ होती. माझ्या चित्रात ती आतूनही तशीच होती. हे तोंड आईचं होतं, पण आतलं माणूस मी होतो. की हेही दादाच्या रागानं मला वाटायला लागलं होतं? काही कळेना.

"दुसरं आहे का?" मालनवहिनी हळूच प्रेमाला विचारत होती. प्रेमानं मान हलवली. मग वहिनी माझ्याजवळ आली. "भावजी, रंग आणलेत ना तुम्ही? जरासं नीट होतंय का बघा. बौद्धाचार्य येईतो." तिनं एक बशी आणि पाण्याचा तांब्या आणून दिला.

मी खाली बसलो. सगळे भोवती गोळा झाले. बशीत पांढरा काढला, पिवळा बोटभर, शेंदरी चिमूटभर. "ओठ आधी," दादा म्हणाला. मी ओठ खाली आणला. दात झाकला. "गाल जरा भरा," मागून कुणी म्हणालं. मी गाल भरले. "डोळ्यात पाणी आल्यासारखं वाटतंय, हसू द्या की म्हातारीला." मी डोळ्यांत उजेडाचा ठिपका ठेवला. "नाक एवढं नव्हतं हो," शेजारची एक बाई म्हणाली, आणि मी नाक सरळ केलं. उजवा हात होता, त्याला काही सांगावं लागत नव्हतं. मला वाटत होतं की आता ओकारी येईल, इथेच, सगळ्यांसमोर, या पांढऱ्या कपड्यांवर. ती आली नाही. तिथे कुणी शेठ नव्हता, कुणाला काही विकायचं नव्हतं. ही माणसं आईला ओळखत होती, तिच्या हातचं जेवली होती, आणि ती मला एकेक करून सांगत होती की ती कशी असायला हवी होती. मला त्यांचा तिटकारा करायचा होता आणि तो कुणावर करावा ते सापडत नव्हतं.

"बास," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं ओलं चित्र जपून उचललं, बाबासाहेबांच्या फोटोच्या पायाशी ठेवलं आणि हार घातला. मागून बायांचा हुंदका आला. वहिनी म्हणाली, "आता कशा आई वाटतात." कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. बौद्धाचार्य आले, त्यांनीही चित्राकडे बघून मान डोलावली. सगळे चटईवर बसले. मी दादाच्या शेजारी बसलो आणि डोळे मिटले. मला एकदा तिला नीट बघायचं होतं, म्हणजे पुरे. ती आली. अंबाडा, पदर, गोल हनुवटी, आणि सरळ ओठ. मी पुन्हा प्रयत्न केला. खाण, खडी, हळद, उजवी बाजू, सगळं माझ्या ध्यानात होतं, शब्दांत सांगता आलं असतं. दिसत मात्र नव्हतं. मोरीत हात घातलेली आई डोळ्यांपुढे आणली तर तिच्याही डोळ्यांत उजेडाचा ठिपका होता.

"दादा," मी त्याच्या कानाशी लागून म्हणालो, "मला आईचा ओठ दिसेना रे."

दादानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहानपणी मी कुठे पडलो-धडपडलो की बघायचा तसं.

"बरं झालं," तो म्हणाला. "तिलाही तेच पाहिजे होतं."

आणि त्यानं हात जोडले. त्रिसरण सुरू झालं. समोरच्या गोड म्हातारीनं माझ्याकडे बघून हसायचं काही थांबवलं नाही. मीही तिला हात जोडले, आणि आठवडाभर न आलेलं रडू तेव्हा आलं. आई आता गेली होती.